डॉक्टरांचं ‘बघू’

ऋजुता नेरूरकरने संचालक म्हणून आपला पहिला हुकूम दिला, त्याला अख्खा पावसाळा उलटून गेला होता. तो हुकूम कुणी मोडला नव्हता. पण पाळलाही गेला नव्हता.

हुकूम तसा साधा होता. कुडाळच्या बाहेर, जांभ्याच्या सड्यावर संस्थेची पागा होती. तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष तयार व्हायचं. घोड्यांना सापाच्या विषाची अगदी थोडी थोडी मात्रा देत गेलं, की त्यांचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. त्या रक्तातून गाळून, शुद्ध करून, सुकवून केलेली पांढरी भुकटी कुपीत भरली की झालं प्रतिविष. लोक तिला सरसकट लसच म्हणत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांवर ती उत्तम चालायची. चापड्यावर चालत नव्हती.

आणि चापडा खाली आला होता. हिवाळे उबदार होत गेले तसा घाटातल्या रानात राहणारा हा हातभर लांबीचा, सुक्या पाल्याच्या रंगाचा साप काजूच्या बागांत उतरला. काजू वेचणाऱ्या बायका पाल्यात हात घालत. चापडा चावला म्हणजे माणूस लगेच मरत नाही, आठवड्याभरात त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. ऋजुता डायलिसिस विभागात एक दुपार बसून आली होती. तिथल्या एका बाईने तिला विचारलं होतं, “लस घेतली ना मी, मग असं का झालं?” संस्थेचीच लस होती ती.

म्हणून तिने सांगितलं, निम्मी पागा चापड्याच्या विषावर घ्या. परवाना आला होता, विष मिळत होतं. दिवाळीच्या आत घोड्यांना पहिली मात्रा गेली तर काजूच्या हंगामाला नवी लस हाती येणार होती. दिवाळी टळली तर हंगामही टळला. किंमत एवढीच, की वर्षभर जुनी लस निम्मीच तयार होणार आणि काही गावांतल्या लसीच्या पेट्या रिकाम्या ठेवाव्या लागणार.

दसरा होऊन गेला तरी एकाही घोड्याला मात्रा गेली नव्हती. विषाचा साठा पुन्हा तपासणीला गेला होता. निवडलेल्या घोड्यांतल्या काहींना ताप होता. सुकवणीच्या यंत्राची देखभाल नेमकी याच महिन्यांत आली होती. प्रत्येक कारण खरं होतं, आणि सगळ्या कारणांची बेरीज शून्य होती.

“काका, घोडे कधी सुरू करताय?” पागेच्या कठड्याला टेकून तिने विचारलं.

डॉ. सुहास धुरी एका तांबड्या घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसले होते. ते संस्थेचे पशुवैद्य आणि उत्पादनाचे प्रमुख, आणि तिच्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. मान वर न करता ते म्हणाले, “सुकाणू म्हणता, अजून थांबा.”

“सुकाणू जूनपासून हेच म्हणतंय.”

“मगे त्याका विचार. माझ्यार कित्याक डाफरतस?”

“तुम्ही मला अडवताय का? सरळ सांगा.”

धुरीकाकांनी खूर हलकेच खाली सोडला आणि हात पुसले. “चेडवा, तुझा माका पटत नाय, ह्या खरा. तुझ्या बापाशीन गावागावात पेट्यो पोचवल्यान, नि तू त्यो काढूक निघालंस. पण आडवक नाय हां मी. सांगलंस तेवढा सगळा केलंय. तरी पुढे सरकत नाय. माकाच नवल वाटता.”

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलायचं असतं तर पटत नाही हे त्यांनी आधी कबूल केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने तस्नीमला बोलावून घेतलं.

संस्थेत सगळं सुकाणू नावाच्या संगणकप्रणालीवर चालायचं. कुठल्याही संस्थेची अडचण एकच असते. वरचे धोरण ठरवतात, खालचे काम करतात, आणि दोघांच्या मध्ये ते धोरण कुठेतरी झिरपून जातं. त्यात भर उशिराची. न्हाणीघरातला नळ फिरवला तरी पाणी लगेच गरम होत नाही, म्हणून माणूस आणखी फिरवतो आणि मग चटका बसतो. संस्थेत हा उशीर महिन्यांचा असतो. आज घोड्याला दिलेल्या मात्रेची भुकटी कुपीत येईपर्यंत ऋतू बदललेला असतो, आणि तोवर कुणीतरी घाबरून नळ भलतीकडे फिरवलेला असतो. सुकाणू हा उशीर ओळखून चालायचं. कुठे पोचायचं आहे आणि आत्ता कुठे आहोत, यांतलं अंतर ते सतत मोजत असायचं, आणि प्रत्येक खात्याला त्या दिवसापुरती एक बारीकशी सूचना द्यायचं. ही गाडी उद्या काढा. तो घोडा आठवडाभर विश्रांतीला ठेवा. सूचना इतक्या बारीक, की त्या पाळताना आपण कुठल्या दिशेने निघालो आहोत हे पाळणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये.

पण पोचायचं कुठे, हे त्याला कसं कळायचं? तिच्या वडिलांनी, डॉ. दिगंबर नेरूरकरांनी, धोरण म्हणून एकच वाक्य लिहून ठेवलं होतं: प्रत्येक माणसापासून तासाभराच्या आत लस. एका वाक्यावर संस्था चालत नाही. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हा माणूस कुठली धरतो आणि कुठली सोडतो, खरं धोरण त्यात असतं. म्हणून सुकाणूला डॉक्टरांच्या वर्षानुवर्षांच्या बैठका ऐकवल्या होत्या. शब्द, शब्दांमधले थांबे, आवाजाची पट्टी, आणि नंतर प्रत्यक्षात काय घडलं तेही. त्यातून त्याने डॉक्टरांच्या इच्छांचा एक नकाशा बनवला होता. त्याला संस्थेत हेतुनकाशा म्हणत. रोजचे हुकूम या नकाशाच्या आत राहूनच पाळले जात. एखाद्या दिवसाच्या रागाने किंवा भीतीने संस्थेची दिशा बदलू नये, म्हणून डॉक्टरांनीच तसं घालून दिलं होतं.

मे महिन्यात डॉक्टर गेले. नकाशा राहिला.

तस्नीम मुकादम रत्नागिरीहून सकाळीच निघून आली. सुकाणू तिनेच डॉक्टरांबरोबर बसून घडवलं होतं. ऋजुताहून दोनेक वर्षांनी मोठी, बोलायला मोकळी. आल्या आल्या तिने पायांतल्या चपला दाराशी सोडल्या, पडद्यासमोर मांडी घालून बसली आणि बराच वेळ नुसती वाचत राहिली.

“तुझा हुकूम याला मिळालाय,” ती शेवटी म्हणाली. “नीट मिळालाय. फक्त हा त्याला हुकूमच समजतोय, दिशा समजत नाहीये.”

“म्हणजे?”

“दिशा अजून डॉक्टरांचीच आहे. तू म्हणालीस, निम्मी पागा नव्या विषावर घ्या. हा म्हणाला, घेतो. पण घेतली तर पेट्या रिकाम्या पडतात, आणि ते डॉक्टरांना चालणार नाही. मग वाट कुठली? तर उशीर. कुणालाच नाही म्हणायला नको. अगदी तुझ्या बाबांसारखं.”

“मी संचालक झाले तेव्हा त्याने विचारायला हवं होतं ना, की आता दिशा कुणाची?”

“विचारलं होतं की. ऐक.”

डॉक्टरांचं तेरावं झाल्यावरची पहिली बैठक. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग सुकाणूचा सपाट स्वर: आधीचा हेतू कायम ठेवायचा का? त्यानंतर लांबच लांब शांतता. कुणीतरी खोकलं. आणि मग ऋजुताला स्वतःचाच आवाज ऐकू आला, दाटलेला, खाली बसलेला.

“बघू.”

तिला तो दिवस आठवत होता. फक्त खोलीतून बाहेर पडायचं होतं तिला. दुसरा कुठलाही शब्द उच्चारला असता तर ती सगळ्यांसमोर रडली असती.

“याचा अर्थ काय लावला त्याने?”

तस्नीमला हसू आलं, आणि तिने ते लगेच आवरलं. “याला ‘बघू’ शिकवलं कुणी, सांग? डॉक्टर आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हणाले असतील तर शपथ. जे काय ते ‘बघू’. सुरुवातीला हा पार गोंधळून जायचा. कँटीनवाल्या सावंतांनी विचारलं, डॉक्टर, बुधवारी मासे ठेवूया? ‘बघू.’”

“अजून नाय ठेवक,” धुरीकाका दारातून आत येत म्हणाले. “बांगड्याचो वास सोसवा नसे त्याका. मालवणी मुलखात जल्माक इलेलो माणूस! सावंत बिचारो दर वर्षी विचारी.”

“आणि राऊळ ड्रायव्हरने विचारलं, बायकोला प्रयोगशाळेत कामाला घ्याल का. तेव्हाही ‘बघू’. ती त्याच आठवड्यात कामावर. शब्द तोच. मग याने हळूहळू फरक शोधला. समोरच्या कागदाकडे बघत ‘बघू’ म्हणाले की ते नाही. आधी विचारणाऱ्याचं नाव घेतलं आणि मग ‘बघू’ म्हणाले, की ते हो. गाजावाजा न करता व्हायचंच काम. आणि संस्थेच्या दिशेबद्दल कुणी विचारलं, डॉक्टर खूप वेळ गप्प राहिले आणि मग नुसतंच ‘बघू’ म्हणाले, तर...”

“तर?”

“चाललंय तसं चालू द्या, आणि हे पुन्हा विचारू नका.” तस्नीमने पडद्यावरून नजर काढली. “तुझं ‘बघू’ तिथे जाऊन बसलं. तेवढीच शांतता, तीच पट्टी. आवाजही एकाच घरातला. म्हणून त्याने परत विचारलं नाही.”

बाहेर पागेत एक घोडा फुरफुरला.

“बाबांचे फोनही आहेत का त्याच्याकडे?” ऋजुताने विचारलं.

“इथे बसून बोललेले, आहेत.”

“हैदराबादहून मी एकदा केला होता. दोन वर्षं झाली असतील. गणपतीच्या सुमाराला.”

तस्नीमने तिच्याकडे नीट पाहिलं. “नक्की ऐकायचंय?”

“हो.”

ऋजुता तेव्हा हैदराबादला एका औषध कंपनीत नियोजनाचं काम बघत होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बाबा इथे एकटे होते. फोन करण्याआधी ती वाक्य मनात जुळवत गच्चीवर फेऱ्या मारत राहिली होती. आता ते वाक्य तिने ऐकलं. जुळवलेलं होतं हे कळत होतं. “बाबा, मी म्हणत होते... मी तिकडे येऊ का परत? संस्थेतच काहीतरी करीन.”

थोडा विराम. मग बाबांचा आवाज. “ऋजू.” आणि एक श्वास सोडून, “बघू.”

त्यानंतर ते पावसाबद्दल बोलले होते.

ही दोन वर्षं तिला ‘बघू’ तेवढं आठवत होतं. त्याच्या आधीचं नाव आठवत नव्हतं. मी यायला नको आहे त्यांना, असं तिने ठरवून टाकलं, आणि ती हैदराबादलाच राहिली, बाबांच्या आजारपणाचा फोन येईपर्यंत.

तस्नीमने अर्थ सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती. ती फक्त म्हणाली, “त्याच दिवशी त्यांनी सुकाणूकडून सुताराला निरोप धाडलाय. घराच्या वरच्या खोलीत काम आहे म्हणून.”

वरच्या खोलीत अख्ख्या भिंतीभर पुस्तकांची फडताळं होती. घरी आली तेव्हा ऋजुताला वाटलं होतं, पाहुण्यांच्या खोलीत एवढी फडताळं कशाला? हैदराबादहून आणलेले पुस्तकांचे खोके तिने अजून सोडलेही नव्हते.

“सागवान मीच बघून दिलंय तां,” धुरीकाका हळू आवाजात म्हणाले. “मी विचारलंय त्याका, चेडवाक ये म्हणान नक्की सांगलंस मां? तर म्हणता कसो, ‘सांगलंय ना.’”

ऋजुता उठून खिडकीशी गेली. परत येऊन बसली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा होता.

“दिशा बदलायची तर काय करावं लागेल?”

“जुना नकाशा पुसावा लागेल,” तस्नीम म्हणाली. “त्याच्यावर नवा चढवता येत नाही. एका सुकाणूवर दोघांचे हात, मग बोट गोल फिरते. बैठकांचे आवाज राहतील, फोन राहतील. आवाज राहील, समज जाईल. हे जे आत्ता त्याने ओळखलं, ते परत नाही ओळखता येणार.”

ऋजुताने पडद्याकडे तोंड केलं. “काजू वेचणाऱ्या बायका चापडा चावून डायलिसिसवर आहेत. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी काय ठरवलं असतं?”

“ज्ञात हेतूनुसार,” सुकाणू म्हणालं, “सध्याची दिशा कायम ठेवली असती.”

“त्यांना भेटले असते तरी? त्या विभागात जाऊन बसले असते तरी?”

“ज्ञात हेतूनुसार, सध्याची दिशा कायम ठेवली असती.”

धुरीकाका खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. “ह्या तेवढा खोटा,” ते म्हणाले. “तस्नीम, ह्या तुझ्या यंत्राक आदलो काळ म्हायतच नाय. पयली आमची लस शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत जाय. तां धोरणसुद्धा हिच्या बापाशीचाच. गावात पेट्यो ठेवच्यो नाय, फुकट जातत, असा तोच म्हणा. मगे एक दिवस ह्या समोरच्या गेटार घाटावरसून एका पोराक खांद्यार घालून आणल्यानी. पोर वाटेतच गेलेला. लस हय, पन्नास पावलांर. त्या दुपारी दिगंबरान सगळा उलटा केल्यान. मी एवढो भांडलंय, की महिनोभर बोलूक नाय त्याच्याशी.” त्यांनी ऋजुताकडे बघितलं. “तुझा पटत नाय माका. अजून पटत नाय. पण त्या दिवशी ह्या सुकाणू असता, तर ह्याने तुझ्या बापाशीकसुद्धा थांबा म्हणान सांगला असता.”

ऋजुताच्या मनात एक गोष्ट स्वच्छ झाली होती. नकाशात बाबांना काय हवं होतं ते सगळं होतं. बाबा कशाने बदलले असते, ते मात्र त्यात नव्हतं. हवं असणं नोंदता येतं. माणूस बदलायला तयार असतो ते नोंदायचं कसं, हे तस्नीमलाही माहीत नव्हतं आणि बाबांनाही नसावं.

“उद्या सगळ्यांना बोलावूया,” ती म्हणाली. “पेट्या सांभाळणाऱ्यांनाही.”

तस्नीमने चपला पायात सरकवल्या. “एक लक्षात ठेव. काय करणार ते सगळेच सांगतात. तू काय सोडणार आहेस ते बोल. नावं घेऊन बोल. त्याशिवाय याला दिशा कळत नाही.” मग थोडं थांबून, “माणसांनाही कळत नाही म्हणा.”

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी कँटीनमध्येच सगळे जमले. मोठी जागा तेवढीच होती. घोड्यांचे मोतद्दार, प्रयोगशाळेतल्या मुली, ड्रायव्हर, हिशेबनीस, आणि वरच्या गावांतून आलेल्या पाच-सहा परिचारिका. ऋजुता उभी राहिली. तिने काही लिहून आणलं नव्हतं.

“डॉक्टरांचं धोरण होतं, प्रत्येक माणसापासून तासाभराच्या आत लस,” ती म्हणाली. “मी ते एका वर्षासाठी सोडते आहे. पहिलं काम, काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत चापड्यावरची लस. त्यासाठी निम्मी पागा त्या विषावर जाईल. जुनी लस कमी पडेल. म्हणून तीन गावांतल्या पेट्या काढून तालुक्याला ठेवायच्या. पाथरखोल, वायंगणमळा आणि कुसबेवाडी. पुढच्या वर्षी नवे घोडे तयार झाले की पेट्या परत जातील.”

कुजबुज झाली. मागच्या बाकावरून एक परिचारिका उभी राहिली. पाथरखोलच्या गावडेबाई. बाबांनी त्यांना स्वतः शिकवलं होतं.

“आणि आमच्याकडे कुणाला घोणस चावली तर मॅडम?”

“तालुक्याहून ड्रोनने लस येईल.”

“धुकं असलं तर ड्रोन उडत नाही आमच्या खोलात.”

“नाही उडत. मग गाडीने येईल. तासाच्या वर लागेल.”

“तेवढ्यात माणूस गेला तर?”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. या प्रश्नाला या इमारतीत काय उत्तर मिळतं ते सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं असतं, मग तो एक शब्द बोलले असते, आणि गावडेबाई थोड्या समाधानाने खाली बसल्या असत्या.

“जाऊ शकतो,” ऋजुता म्हणाली.

गावडेबाई उभ्याच राहिल्या. मग पदर सावरून बसल्या. त्यांनी परत वर पाहिलं नाही.

“आधीचा हेतू पुसायचा का?” भिंतीवरच्या पडद्यावरून सुकाणूने विचारलं.

“हो.”

काहीच झालं नाही. आवाज नाही, दिवा नाही. पडद्यावर फक्त एक ओळ आली, की नवी दिशा घेतली आहे. मग सावंतांनी भांडी आणायला सुरुवात केली आणि लोक रांगेत उभे राहिले.

दिवाळीच्या आत घोड्यांना पहिली मात्रा गेली. धुरीकाकांनी स्वतः दिली. प्रत्येक घोड्याच्या मानेवर आधी हात फिरवून, त्याच्याशी दोन शब्द बोलून. सुकाणू त्या महिन्यांत नव्याने कामाला लागलेल्या माणसासारखं झालं होतं. क्षुल्लक गोष्टींसाठी विचारत राही, कधी चुकीच्या खात्याला सूचना देई. लोक वैतागत. ऋजुता प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाही म्हणे, आणि ठरलं नसेल तर “अजून ठरवलेलं नाही, परवा विचार” म्हणे. सुकाणू परवा विचारी. सावंतांनी तिला बुधवारच्या माशांबद्दल विचारलं, आणि तिने हो म्हटल्यावर ते तिच्याकडे बघतच राहिले.

काजू पिकायला लागले तेव्हा नव्या कुप्या बागांच्या गावांत पोचल्या होत्या. पहिली जिला चापडा चावला, ती एक तरुण बाई होती. तिच्या हाताला सूज आली, ताप आला, आणि आठवड्याने ती घरी गेली. नंतर आणखी कितीजणी. डायलिसिस विभागात काजूच्या बागांतून नवं कुणी आलं नाही. धुरीकाकांनी हे ऐकलं आणि ते नुसते “बरा झाला” म्हणाले.

त्याच हंगामात, दाट धुक्याच्या एका सकाळी, पाथरखोलला सोमा गवस नावाच्या माणसाला गोठ्यात घोणस चावली. ड्रोन उडालं नाही. गाडी निघाली. गाडी पोचायच्या आधी, गावडेबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला.

ऋजुता पाथरखोलला गेली. ड्रायव्हर राऊळ म्हणाले, मी येतो आत, लोक चिडलेत. तिने त्यांना गाडीतच थांबायला सांगितलं.

घरापुढच्या खळ्यात माणसं बसली होती. ती आत येताच बोलणं थांबलं. सोमाची मुलगी दर्शना खांबाला टेकून उभी होती. ऋजुताच्याच वयाची असेल. केस मोकळे, डोळे कोरडे.

“तुमी सरकारातसून इलात?”

“नाही. लस बनवणाऱ्या संस्थेतून. इथली पेटी काढायचं मी ठरवलं होतं.”

कुणीतरी श्वास आत ओढला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “यंत्रान काढली म्हणान सांगला आमका.”

“यंत्राने माझं ऐकलं. मी सांगितलं म्हणून काढली.”

दर्शना खांबापासून बाजूला झाली. “कित्याक?”

ऋजुताने सांगितलं. काजूच्या बागा, चापडा, त्या बायका, पागेतले घोडे, निम्मी पागा, आणि लस एवढीच होती हे. सावकाश सांगितलं, काही गाळलं नाही. पुढच्या वर्षी पेटी परत येईल हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा इथे काही उपयोग नाही हे तिला दिसत होतं.

“म्हणजे ती बायलमाणसां वाचली,” दर्शना म्हणाली.

“हो.”

“नि बाबा गेलो.”

“हो.”

दर्शना तिच्याकडे पाहत राहिली. रागाने बघत होती का, ते कळत नव्हतं. गोठ्यातून गाय हंबरली तसं तिने तिकडे वळून पाहिलं. ती गाय रोज सोमाच सोडत असणार, ते त्या बघण्यात होतं. मग ती परत वळली.

“ह्या सांगाक तुमी एवढ्या लांब इलात?”

“हो.”

दर्शनाने कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली चटई ओढली आणि आपल्या शेजारी अंथरली.

“मगे बसा,” ती म्हणाली.